हवेतलं गायरान आणि एक वकीलबाई

२०२० च्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा बंद होत्या आणि सगळा अभ्यास मोबाइलवर आला होता. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंची मुलगी तेव्हा नववीत होती. रोज संध्याकाळी ती आमच्या जिन्याच्या पायरीवर येऊन बसायची. मांडीवर वही, हातात आईचा मोबाइल. मला वाटायचं, आईची वाट बघत बसते. एक-दोनदा तिला चहाही दिला.

पुढं घरात सगळ्यांचंच काम नेटवर आलं. ह्यांची ऑफिसची मीटिंग मध्येच अडकायची, मुलाचा क्लास नुसता गोल गोल फिरत राहायचा. मुलगा म्हणाला, "आई, आपलं वाय-फाय कुणीतरी वापरतंय." मी कढईतून मान वर न करता म्हटलं, "मग बदल की पासवर्ड!" त्यानं बदलला. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी यायची बंद झाली, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी पोळ्यांच्या बाईंनी पदराशी चाळा करत विचारलं, "वैनी, तुमचं ते नेट बिघडलंय का हो? पोरीचा गणिताचा पेपर पाठवायचा राहिला." आधीचा पासवर्ड माझ्याच मुलानं तिला दिला होता, आणि देऊन विसरूनही गेला होता! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिला मंडळात पंधरा वर्षं काम करतेय मी. 'मुलगी शिकली, प्रगती झाली' हे मीच उभं राहून भिंतीवर रंगवून घेतलंय. आणि माझ्याच पायरीवरून एका मुलीची शाळा मीच उठवली होती.

ही गोष्ट मी माझ्या भाचीला फोनवर सांगितली. ती पुण्यात कायद्याचं शिकते. ऐकून घेतलं आणि थोड्या वेळानं तिनं मला एक फोटो पाठवला. अमेरिकेत, कॅलिफोर्नियामधल्या सलिनास गावातला, ऑगस्ट २०२० मधला. टाको बेल नावाच्या खाद्यपदार्थांच्या दुकानाबाहेर दोन लहान मुली फरशीवर बसल्या आहेत, पुढ्यात लॅपटॉप. दुकानाचं फुकटचं वाय-फाय भिंतीबाहेर जेवढं येतं तेवढ्यावर त्यांचा वर्ग चालू आहे. सलिनास हा शेतीचा भाग. सॅलडचा पाला तिथून अख्ख्या अमेरिकेत जातो, आणि तो तोडणारे मजूर तिथंच राहतात. गंमत म्हणजे साऱ्या जगाला कॉम्प्युटर शिकवणारी सिलिकॉन व्हॅली तिथून गाडीनं तासा-दीड तासावर!

म्हणजे आमच्या पायरीवरची ती आणि सलिनासच्या या दोघी एकाच वर्गातल्या की!

"मावशी, हा फोटो गाजायच्या सहा वर्षं आधी एका बाईनं या प्रकाराला नाव देऊन ठेवलं होतं," भाची म्हणाली. "वकील आहे ती. टेलिकॉमची."

"टेलिकॉमची वकील म्हणजे? फोनची बिलं थकवणाऱ्यांना नोटिसा पाठवते ती?"

भाची खो खो हसली. पण मग तिनं जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचून काढलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं. त्या वकीलबाईंचं नाव जेसिका रोझेनवॉर्सेल.

अमेरिकेत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन नावाची एक सरकारी संस्था आहे. थोडक्यात एफसीसी. आपल्याकडे ट्राय आहे ना, तिच्यासारखी, पण अधिकार बरेच जास्त. रेडिओ, टीव्ही, फोन, इंटरनेट या सगळ्याचे नियम तिथं ठरतात, परवाने तिथून मिळतात. पाच सदस्य असतात आणि एका पक्षाचे तीनापेक्षा जास्त असता कामा नयेत असा कायदा आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जेसिकाबाईंनी न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, वॉशिंग्टनमध्ये एका वकिली फर्ममध्ये काम केलं आणि १९९९ मध्ये त्या या एफसीसीत साध्या वकील म्हणून नोकरीला लागल्या. टीव्हीवरच्या मालिकेतल्यासारखी वकिली नव्हती ती. काळा कोट, 'मी लॉर्ड' वगैरे काही नाही. नियमांचे मसुदे लिहायचे, कंपन्यांचे अर्ज वाचायचे, एका शब्दानं अर्थ कसा पालटतो ते बघायचं. पुढं मायकेल कॉप्स या सदस्यांच्या त्या कायदेविषयक सल्लागार झाल्या आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीत गेल्या. तिथं त्यांच्या हातून गेलेलं एक मोठं काम म्हणजे २०१२ चा कायदा. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे पडले तेव्हा पोलीस आणि अग्निशमन दल यांचे वायरलेस एकमेकांशी नीट बोलू शकत नव्हते. 'बाहेर पडा' हा हुकूम कित्येक जवानांपर्यंत पोचलाच नाही. अशा वेळेसाठी हवेतली एक खास वाट राखून ठेवायची आणि देशभर त्यांचं वेगळं जाळं उभारायचं, हे त्या कायद्यानं ठरलं. दुर्घटनेपासून कायद्यापर्यंत जवळजवळ साडेदहा वर्षं गेली! सरकारी काम सगळीकडे सारखंच, नाही का?

आता ही 'हवेतली वाट' म्हणजे काय? मलाही आधी कळलं नव्हतं. भाचीनं समजावलं ते असं. एकाच गल्लीत दोन लग्नं असली आणि दोन्ही मांडवांत मोठ्यांदा स्पीकर लागले, तर कुठलंच गाणं धड ऐकू येत नाही. रेडिओलहरींचंही तसंच. एकाच लहरीवर सगळे बोलायला लागले की कुणाचंच कुणाला कळत नाही. म्हणून सरकार हवेचे पट्टे पाडतं. हा टीव्हीचा, हा विमानांचा, हा मोबाइल कंपन्यांचा. म्हणजे हवेलाही सातबारा असतो म्हणा ना! मोबाइलचे पट्टे लिलावात जातात, आणि आकडे ऐकाल तर चक्कर येईल. २०१५ च्या सुरुवातीला संपलेल्या एका लिलावात अमेरिकी सरकारला जवळजवळ ४,५०० कोटी डॉलर मिळाले. मग बांधावरून भांडणं आलीच. तुझी लहर माझ्या पट्ट्यात घुसली, माझ्या शेजारी त्याला जागा का दिली. टेलिकॉमच्या वकिलांचा अर्धा जन्म या बांधाच्या भांडणांत जातो.

पण गावात सगळीच जमीन खासगी नसते. गायरानही असतं. कुणाच्या नावावर नसलेलं, सगळ्यांच्या गुरांचं. हवेतही असं गायरान आहे! १९८५ मध्ये एफसीसीनं काही पट्टे विनापरवाना वापराला मोकळे केले. तेव्हा या पट्ट्यांना कुणी फारसं विचारतही नव्हतं, कारण तिथं यंत्रांचा गोंगाट होता. आपला मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या लहरींवर चालतो ना, तोही त्यातलाच एक पट्टा. अट एकच, आवाज बारीक ठेवायचा, शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही. अशा या पडीक रानात पुढं काय उगवलं? वाय-फाय! आज घराघरातलं, स्टेशनवरचं, दवाखान्यातलं वाय-फाय या गायरानात चरतंय.

मे २०१२ मध्ये जेसिकाबाई एफसीसीच्या सदस्य झाल्या आणि पहिल्यापासून त्यांनी हे गायरान वाढवायचा धोशा लावला. त्यांचं म्हणणं असं की, नवे पट्टे लिलावात काढताना थोडा तुकडा दर वेळी वाय-फायसाठी सोडायचाच, तसं कायद्यातच लिहा. विरोध साहजिक होता. पट्टा विकला तर तिजोरीत पैसे दिसतात. मोकळा सोडला तर काय दिसतं? त्यावर त्या सांगायच्या, दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. लिलावाचा पैसा वहीत मांडता येतो, पण वाय-फायमुळे लाखो घरांचं जे भागतं ते वहीत कुठंच येत नाही, म्हणून ते शून्य धरलं जातं. मैत्रिणींनो, हे वाचलं आणि मी क्षणभर थांबलेच. आपला रोजचा स्वयंपाक, धुणं, आजारपणं काढणं हे तरी कुठल्या वहीत येतं?

२०१४ मध्ये पाच गिगाहर्ट्झच्या भागात वाय-फायसाठी शंभर मेगाहर्ट्झची जागा मोकळी झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये सहा गिगाहर्ट्झच्या भागात तर एकदम १,२०० मेगाहर्ट्झची. या कामात त्यांना विरोधी पक्षाच्या मायकेल ओ'रायली यांची साथ मिळाली, हेही सांगायला हवं. मोबाइलच्या बाबतीत मात्र त्या एकट्या पडून भांडल्या. २०१८ नंतर अमेरिकेत फाइव्ह-जीसाठी अगदी वरच्या लहरींचे लिलाव झपाट्यानं होत होते. या लहरींचा वेग विजेसारखा, पण त्या लांब जात नाहीत, भिंत ओलांडत नाहीत. म्हणजे दर चौकात खांब लागणार. शहरात ते परवडेल, खेड्यात कोण लावणार? मधल्या लहरी आधी द्या, नाहीतर खेडी पुन्हा मागं राहतील, असं त्या लिहून देत राहिल्या. नंतर वारं त्याच दिशेला फिरलं आणि मधल्या लहरींचे मोठे लिलाव झाले.

पण माझ्या मनात या बाईंनी घर केलं ते 'होमवर्क गॅप' या दोन शब्दांमुळं. गृहपाठाची दरी! अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं शाळा आणि वाचनालयांना इंटरनेटसाठी मदत देणारी ई-रेट नावाची योजना आली होती. योजना आली तेव्हा तिथल्या सरकारी शाळांच्या शंभरातल्या चौदाच वर्गांत नेट होतं, २००५ पर्यंत ते चौऱ्याण्णव वर्गांत पोचलं. सगळे खूश होते, काम फत्ते! जेसिकाबाईंनी दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे शाळेच्या दारापर्यंत आलेली जुनी लाइन आता अपुरी पडतेय, वर्गात वाय-फाय हवं. त्यांच्या आणि इतरांच्या आग्रहातून २०१४ मध्ये योजनेची नव्यानं बांधणी झाली आणि तिची वार्षिक मर्यादा २४० कोटी डॉलरवरून ३९० कोटींवर गेली. आणि दुसरी, शाळा सुटल्यावर काय? दहातले सात शिक्षक इंटरनेट लागेल असा गृहपाठ देतात आणि तीनातल्या एका घरात नेटच नाही, हा आकडा त्या भाषणाभाषणांतून सांगत असत. त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिले, शाळांमधून हिंडल्या. वाचनालय बंद झाल्यावर त्याच्या आवारात गाडी लावून अभ्यास करणारी मुलं, बर्गरच्या दुकानात बसून निबंध लिहिणारी मुलं, हे सगळं त्यांनी नियमांच्या कोरड्या कागदांत आणून बसवलं.

नाव देण्यानं काय होतं, असं वाटेल. पण बघा, घरातला मार जोवर 'नवरा-बायकोतली कुरबुर' होता तोवर पोलीस पाटीलही दारात येत नव्हता. कायद्यात त्याचं नाव आल्यावर निदान तक्रार लिहून तरी घ्यायला लागले. ज्याला नाव नाही त्याला बजेट नाही.

आणखी एक प्रकार वाचून तर मला आपल्याच तालुक्याच्या मीटिंगची आठवण झाली. अमेरिकेत कुठं नेट आहे नि कुठं नाही याचे सरकारी नकाशे होते. त्यात एका भागातल्या एका घराला जरी नेट मिळत असलं, तरी अख्खा भाग 'पोचला' म्हणून रंगवायचे! म्हणजे पाटलाच्या वाड्यात नळ आला की गावाला पाणी मिळालं. अनुदान मात्र नकाशात पांढऱ्या राहिलेल्या भागालाच. जेसिकाबाई तेव्हा अल्पमतातल्या सदस्य होत्या, नकाशा बदलायचा अधिकार हातात नव्हता. मग त्यांनी २०१९ मध्ये एक ई-मेल पत्ता जाहीर केला, त्याचं नाव 'ब्रॉडबँड फेल'! ज्यांच्या घरी नेट पोचलेलं नाही त्यांनी थेट मला कळवा. लोकांनी कळवलंच. पुढं अधिकार आल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, घर न् घर दाखवणारा नवा नकाशा त्यांच्याच काळात निघाला, आणि तो चुकला असेल तर नागरिकांना हरकत घ्यायची सोयही ठेवली.

हे सगळं सरळ झालं का? छे! २०१६ च्या अखेरीस त्यांच्या फेरनेमणुकीला सिनेटनं मंजुरीच दिली नाही. कामाबद्दल तक्रार नव्हती, पक्षांची ओढाताण. जानेवारी २०१७ मध्ये त्यांना खुर्ची सोडून घरी बसावं लागलं. त्याच वर्षी नवे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीच त्यांचं नाव पुन्हा पाठवलं, कारण विरोधी पक्षाची जागा भरायची होती, आणि ऑगस्टमध्ये त्या परतल्या. परतल्या त्या अल्पमतात. अध्यक्ष होते अजित पै. आडनाव वाचून कान टवकारले ना? आई-वडील भारतातून गेलेले, स्वतः कॅन्सस राज्यातल्या छोट्या गावात वाढलेले, तेही वकीलच. इंटरनेट कंपन्यांवर सरकारनं किती बंधनं घालावीत यावर दोघांचे टोकाचे मतभेद होते. डिसेंबर २०१७ मध्ये पै यांच्या बहुमतानं 'नेट न्यूट्रॅलिटी'चे नियम काढून टाकले, जेसिकाबाईंनी विरोधात मत नोंदवलं. (कंपनीनं सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवावं, पैसे देणाऱ्याला पुढं नि दुसऱ्याला मागं असं करू नये, हे ते नियम. त्यावर एक वेगळा लेख होईल.) मतभेद असूनही वर सांगितलेली १,२०० मेगाहर्ट्झची जागा पै यांच्याच काळात, एकमतानं मोकळी झाली. मला हे आवडलं. आमच्या मंडळात वार्षिक सभेला भांडलेल्या दोघी पुढचं वर्षभर एका सतरंजीवर बसत नाहीत!

जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रभारी अध्यक्ष झाल्या आणि ७ डिसेंबर २०२१ ला सिनेटनं ६८ विरुद्ध ३१ मतांनी त्यांची नेमणूक पक्की केली. एफसीसी १९३४ मध्ये स्थापन झाली. म्हणजे पूर्णवेळ बाई अध्यक्ष मिळायला ८७ वर्षं लागली. त्याआधी २०१३ मध्ये मिन्यॉन क्लायबर्न यांनी काही महिने प्रभारी म्हणून कारभार पाहिला होता. आणि सदस्य म्हणून पहिली बाई कोण? फ्रीडा हेनॉक, १९४८ मध्ये. त्याही वकीलच! टीव्ही तेव्हा नवा होता आणि सगळे चॅनल धंदेवाल्यांना जाणार होते. या बाईंनी हट्ट धरला की काही चॅनल शिक्षणासाठी राखून ठेवा. सुरुवातीला त्यांना कुणी फार मनावर घेतलं नाही. १९५२ मध्ये २४२ चॅनल राखले गेले. हवेतला तुकडा पोरांसाठी राखायचं भांडण असं जुनं आहे, आणि दोन्ही वेळा ते भांडायला एक वकीलबाई होती.

जेसिकाबाईंना अध्यक्षपद मिळालं खरं, पण पाचवी जागा रिकामी होती. दोन इकडचे, दोन तिकडचे! सप्टेंबर २०२३ पर्यंत वादाचा कुठलाही निर्णय पुढं सरकू शकत नव्हता. घरात चार माणसांत भाजी ठरवताना काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. तरी त्या काळात पैशाच्या दोन मोठ्या योजना त्यांच्या हाताखाली चालल्या. करोनात संसदेनं दिलेले ७१७ कोटी डॉलर शाळा आणि वाचनालयांमार्फत मुलांच्या घरी लॅपटॉप आणि हॉटस्पॉट पोचवायला गेले. हॉटस्पॉट म्हणजे खिशात मावेल एवढी नेटची डबी. करोनाच्या सुमारास घरी पुरेसं नेट नसलेल्या मुलांचा अंदाज १ कोटी ७० लाखांचा होता! दुसरी योजना कमी उत्पन्नाच्या घरांसाठी. नेटच्या बिलात महिना ३० डॉलर सूट, आणि आदिवासी भागांत ७५ डॉलर. तिच्यासाठी १,४२० कोटी डॉलर होते. २ कोटी ३० लाखांहून जास्त घरांनी ती घेतली.

आता जे सांगणार आहे ते खास आपल्या पानासाठी. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एफसीसीनं त्याचे नियम केले. तिथं फोनचा 'फॅमिली प्लॅन' असतो, घरातल्या सगळ्यांचे नंबर एका खात्यावर, आणि खातं बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. मारहाण करणाऱ्या माणसाकडून सुटून निघालेली बाई काय करणार? फोन ठेवला तर तिच्या कॉलची यादी त्याला दिसणार, सोडला तर वकील, आई, मुलाची शाळा सगळ्यांशी संबंध तुटणार. नवे नियम म्हणतात, तिनं मागणी केली की कंपनीनं कामकाजाच्या दोन दिवसांत तिचा आणि तिच्या मुलांचा नंबर त्या खात्यातून वेगळा करून द्यायचा. मदतकेंद्राला केलेला फोन कॉलच्या यादीत दाखवायचा नाही. बिलासाठी तिला सहा महिन्यांपर्यंत सवलतही. पुढं २०२४ च्या सुरुवातीला जेसिकाबाईंनी मोटार कंपन्यांनाही पत्रं लिहिली. नव्या गाड्या इंटरनेटला जोडलेल्या असतात, बायको कुठं गेली हे नवऱ्याला घरबसल्या कळतं, तुम्ही यावर काय करताय ते सांगा, म्हणून.

समुपदेशन केंद्रात बसताना मी किती जणींना विचारलंय, 'फोन कुणाच्या नावावर आहे?' उत्तर ठरलेलं. 'ह्यांच्या.' आम्ही नवा नंबर घ्यायला सांगतो, आणि जुन्या नंबरवर आधार, बँक, गॅस, मुलांची शाळा सगळं अडकलेलं असतं. कायदा लिहिणारं कुणीतरी कुठंतरी या बाईच्या खुर्चीत बसून विचार करून गेलंय, हे वाचून बरं वाटलं.

आता दुसरी बाजू. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शाळेच्या बसमध्ये वाय-फाय बसवायला ई-रेटचा पैसा वापरता येईल असं एफसीसीनं ठरवलं. खेड्यातली मुलं तास-तासभर बसमध्ये असतात, तेवढ्यात गृहपाठ होईल. जुलै २०२४ मध्ये वाचनालयांनी पुस्तकासारखा हॉटस्पॉटही घरी न्यायला द्यावा, यालाही मंजुरी मिळाली. पण तीन विरुद्ध दोन मतांनी. कायद्यात 'वर्ग' म्हटलंय, बस म्हणजे वर्ग नव्हे, असा विरोधकांचा मुद्दा. खरं सांगू? नुसता शब्दच धरला तर मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्याआधीच, १ जून २०२४ ला, ती बिलातल्या सुटीची योजना पैसे संपल्यामुळं बंद पडली. जेसिकाबाई महिनेच्या महिने संसदेला पत्रं पाठवत होत्या. पैसे आले नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी परत आणलेले नेट न्यूट्रॅलिटीचे नियम २ जानेवारी २०२५ ला न्यायालयानं रद्द केले. २० जानेवारी २०२५ ला, सरकार बदललं त्या दिवशी, त्या पायउतार झाल्या. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एफसीसीनं दोन विरुद्ध एक मतांनी बसचं वाय-फाय आणि हॉटस्पॉट, दोन्हींचा पैसा थांबवला.

पंचवीस वर्षं एका कामात घालवायची आणि आठ महिन्यांत त्यातला एवढा भाग पुसला जाताना बघायचा! काय वाटत असेल? मी भाचीला हेच विचारलं. ती म्हणाली, "मावशी, सगळं नाही पुसलं. सहा गिगाहर्ट्झची जागा आहे. कुठल्याही नव्या राउटरच्या डब्यावर बघ. बायकांच्या नंबरचा नियम आहे, कारण त्याच्या मागं संसदेचा कायदा आहे. आणि शाळांना पैसे देणारा मूळ निधीच बेकायदा आहे म्हणून खटला गेला होता, तो जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी कायम ठेवला." म्हणजे जे नुसत्या बहुमतावर उभं होतं ते पडलं, ज्याला कायद्याचा पाया होता ते राहिलं. पायरीवर बसलेल्या मुलीला मात्र या फरकाचं काय देणंघेणं? तिचा पेपर त्या संध्याकाळीच पाठवायचा असतो.

जेसिकाबाई २०२५ मध्ये एमआयटी या नामवंत संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये कार्यकारी संचालक म्हणून रुजू झाल्या.

आमच्याकडे त्याच संध्याकाळी मुलानं पासवर्ड पुन्हा जुना केला होता. गणिताचा पेपर उशिरा गेला, बाईंनी मी फोन केल्यावर घेतला. ती मुलगी नंतर महिनाभर आली, पण पायरीवर न बसता फाटकाबाहेर उभी राहायची. आत बोलावलं तरी 'इथं येतंय काकू नेट' म्हणायची. आता मंडळाच्या अभ्यासिकेत वर्गणी काढून आम्ही वाय-फाय घेतलंय. पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असतो. रात्री नऊला कुलूप लागतं, तरी बाहेर पारावर चार-पाच मोबाइल चमकत असतात. राउटर बंद करून जायचं की नाही, यावर गेल्या मीटिंगला चांगलीच खडाजंगी झाली. सध्या तरी चालू ठेवतो.

आणि हो, परवा भाचीनं घरी जाहीर केलं की तिला पुढं टेलिकॉमचाच कायदा करायचाय. ताईचा मला लगेच फोन. "अगं, हे टेलिकॉमचं म्हणजे नक्की काय असतं? सासरकडच्यांना सांगायचं काय?"

मी म्हटलं, "सांग, गायरानाचं बघते."

"म्हणजे तलाठी?"

भाचीला फोन दिला मी.